सारख्या चौतीस चुका

बॅग बाहेर पॅसेजमध्ये ठेवायची. पेन आणायचं नाही, पेन्सिल इथंच मिळेल. आणि या खोलीत काय काम करता, ते बाहेर कुणाशी बोलायचं नाही.

कामाच्या पहिल्या दिवशी या तीन अटी ऐकल्या तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

माझे वडील सूतगिरणीत होते. पाळी सुटली की फाटकावर दोन्ही हात वर करून उभं राहायचं. वॉचमन खिसे चाचपणार, जेवणाचा डबा उघडून बघणार, मग बाहेर सोडणार. अख्खी नोकरी त्यांनी रोज हात वर केले. एकदा शाळेतून येताना मी ते पाहिलं आणि मी पाहिलं हे त्यांनी पाहिलं. त्यामुळे कुणी बॅग बाहेर ठेवा म्हटलं की मला आधी ते फाटक दिसतं. अजून दिसतं.

"बॅग बाहेर का?" मी विचारलं. मला विचारायची सवय आहे.

"पद्धत आहे," मला कामावर ठेवणारा जर्मन म्हातारा म्हणाला.

"आणि बोलायचं का नाही?"

"आल्झो, म्हणजे असं बघा, तीही पद्धतच."

जर्मनीत आखनला कॉम्प्युटरच्या मास्टर्सला जाऊन तेव्हा मला एक वर्ष झालं होतं. घरी फोन करायचा तर कॉलिंग कार्डावरचा नंबर नखानं खरवडायला लागायचा, असा तो काळ. आमच्या विभागाच्या नोटीस बोर्डावर एक चिठ्ठी लागली होती, टंकलेखन यंत्रावर ठोकलेली. संगणक येणारा आणि हस्ताक्षर वाचायची चिकाटी असणारा विद्यार्थी हवा, भाषा येण्याची गरज नाही. हे शेवटचं वाक्यही मला खटकलं होतं. भाषा येऊ नये असं कुणाला का वाटावं?

तरी गेले, कारण मला पत्र हवं होतं. प्राक्टिकुमसाठी, म्हणजे कंपनीतल्या उमेदवारीसाठी, मी जिथं जिथं अर्ज केले होते तिथून अत्यंत नम्र भाषेत नकार येत होते. जर्मनीत आधी कुणाकडे काम केलं असेल तर त्या माणसाच्या सहीचं पत्र लागतं. त्याला त्सोयग्निस म्हणतात. आणि त्या पत्रात एक शब्द असावा लागतो, झेल्बश्टेंडिग. स्वतःच्या हिमतीवर, कुणाच्या आधाराशिवाय काम करणारी. आमच्या विभागातला एक सीनियर मला म्हणाला होता, "तो शब्द नसेल तर त्या पत्रात चिवडा बांध."

मला तो शब्द हवा होता. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. माझ्या आधी कुणी नव्हतं, त्यामुळे नोट्स द्यायला कुणी नव्हतं, फॉर्म भरायला कुणी नव्हतं. मी झेल्बश्टेंडिग नसेन तर मग कोण आहे? हे मी म्हाताऱ्याला पहिल्याच दिवशी सांगितलं, थोडं सौम्य करून.

"सगळे ड्रॉवर संपले की पत्र देईन," तो म्हणाला. "शब्द तुम्ही कमावलात तर शब्दही."

शहराच्या उत्तरेला बसनं चाळीस मिनिटांवर त्याचं घर होतं, मी दर मंगळवारी जायचे. कामाच्या खोलीच्या खिडकीतून एक हिरवी टेकडी दिसायची, वर बर्चची झाडं. ती टेकडी नव्हे, कोळशाच्या खाणीतून काढून टाकलेला दगड आहे, असं त्यानं सांगितलं. खाणी बंद पडल्या आणि ढिगावर झाडं उगवली. म्हातारा त्या खाणींत मार्कशायडर होता. जमिनीखाली कुठला बोगदा कुठवर गेला, वर कुणाचं घर आहे, हे मोजून नकाशा करणारा माणूस. त्याची बायको वारली होती, मुलं लांब होती. घरात घड्याळं फार होती आणि सगळी एकच वेळ दाखवत होती.

आता काम. काम आयरिश भाषेचं होतं. आयर्लंडमध्ये इंग्रजीच्या आधीपासून आहे ती. माझ्या आईला मी हे फोनवर तीनदा समजावलं. जर्मनीतला म्हातारा, आयर्लंडची भाषा आणि आपली मुलगी. ती म्हणाली, "तू कामाले लागली का सर्कशीत?"

म्हातारा तरुणपणी सुट्टीत तिथल्या पश्चिम किनाऱ्यावर एक जुनी बंद खाण बघायला गेला. एका मच्छीमाराच्या विधवेकडे खोली घेतली. पुढची तीस वर्षं दर उन्हाळ्यात तिच्याचकडे गेला. ती आणि तिच्या शेजारपाजारचे लोक जे बोलायचे ते त्यानं कार्डांवर टिपलं, एका कार्डावर एक वाक्य, पेन्सिलीनं. आता ती बाई नव्हती आणि शेजारीही फारसे उरले नव्हते. कार्डं एका राखाडी लोखंडी कपाटात होती. 'वर'चा एक ड्रॉवर, 'पासून'चा एक, 'आत'चा एक, असे. प्रत्येकाला कुलूप. तो एक ड्रॉवर काढून द्यायचा, जाताना परत घ्यायचा आणि माझ्यादेखत कुलूप लावायचा. कुलपाचा तो आवाज मला आवडायचा नाही.

ड्रॉवर असे का लावले, ते थोडं सांगावं लागेल. आपण 'घर' म्हणतो, मग 'घरात', 'घरावर'. घोडा असेल तर 'घोड्यावर'. म्हणजे शब्दाची शेपटी हलते. आयरिशमध्ये हे 'वर', 'आत', 'पासून' शब्दाच्या आधी येतात आणि त्यांच्यामुळे पुढच्या शब्दाचं तोंड बदलतं. बोस्का म्हणजे पेटी. 'पेटीपासून' म्हणायचं तर ओ वोस्का. 'पेटीत' म्हणायचं तर इ मोस्का. 'पेटी घेऊन' म्हणायचं तर ले बोस्का, तिथं काहीच होत नाही. लिहिताना मूळ ब तसाच उभा असतो आणि त्याच्या पुढ्यात म येऊन बसतो. बोलायचा फक्त म. ब आहे, पण त्यानं गप्प राहायचं.

मला हे सगळंच संशयास्पद वाटलं. शेजारी कोण येऊन बसलंय ते बघून जो शब्द आपलं तोंड बदलतो, त्याला डिक्शनरीत शोधायचं कुठं आणि विश्वास ठेवायचा कशावर?

माझं काम असं होतं. कार्डावरचं वाक्य वाचायचं, टाइप करायचं, बदललेल्या तोंडाचा शब्द मुळात काय होता ते शोधून शेजारच्या रकान्यात लिहायचं. त्यात म्हाताऱ्याची लिहायची पद्धत जुनी. ब चा व झाला की आता आयरिश लोक ब च्या पुढं एच अक्षर घालतात, तिथं तो अक्षराच्या डोक्यावर टिंब द्यायचा. पहिल्या दिवशी मी त्या टिंबांचे धडाधड न आणि म केले. म्हातारा कागद बघून म्हणाला, "हे काय?" मी म्हटलं, "आमच्याकडे टिंब म्हणजे हेच." त्यानं ते एका कार्डावर लिहून घेतलं. मला वाटलं, माझ्या चुकांची यादी करतोय.

तिसऱ्या आठवड्यात, बसमध्ये, मला एक गोष्ट दिसली आणि मी माझा स्टॉप चुकले. प फ ब भ म. पहिलीच्या वर्गातला भिंतीवरचा तक्ता. आयरिशमध्ये 'आत'चा इ आला की प चा ब होतो आणि ब चा म होतो. त चा द, द चा न. क चा ग. म्हणजे अक्षर आपल्याच ओळीत पुढं सरकून बसतं. आणि ग चा? ग चा ङ. हा ङ मी शाळेत गिरवला होता, त्याचं चित्र नसायचं, बाई म्हणायच्या याचा शब्द नाही, नुसतं म्हणा. आणि इथं तो होता, शब्दाच्या सुरुवातीला, ठणठणीत. शेताला गोर्त म्हणतात. शेतात म्हणजे इ ङोर्त.

मी दोनशे पानी वही घेतली आणि सगळं देवनागरीत मांडलं. कुठल्या शब्दानंतर ओळीत सरकायचं, कुठल्या शब्दानंतर टिंब, कुठल्यानंतर काही नाही. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. ती वही मी उशाशी ठेवायचे, खोटं कशाला सांगू.

शेवटच्या पानावर मी स्वतःसाठी सूचना लिहिल्या होत्या. त्यातली एक अशी: 'अर म्हणजे वर. अर नंतर टिंब येतंच. कार्डावर राहून गेलं असेल तर आपण घालावं.' कारण 'वर'च्या ड्रॉवरमध्ये मला टिंब नसलेली कार्डं सापडायला लागली होती. पहिलं वाटलं, म्हातारा विसरला. मग बरीच निघाली, तेव्हा वाटलं, हा मुद्दाम करतोय. आपली परीक्षा बघतोय. सरांची फळ्यावरची चूक सापडली की हुशार पोरं गालात हसतात ना, तशी हसून मी एकेक टिंब भरत गेले आणि त्याला काही बोलले नाही.

आता पुणेकरीण. वोनहाइममध्ये, म्हणजे विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात, एका मजल्याला एक स्वयंपाकघर असायचं. माझ्या मजल्यावर आणखी एक मराठी मुलगी होती, पुण्याची, आर्किटेक्चरला. आजोबा मुख्याध्यापक, वडील प्रोफेसर. पहिल्या भेटीत तिनं माझं गाव विचारलं, मग आडनाव विचारलं, मग "अच्छा" म्हणाली. त्या अच्छाचं मी बरेच दिवस विश्लेषण केलं. वाईट नव्हती. पण माझं बोलणं दुरुस्त करायची.

"मले नाही गं, मला."

"तुले समजलं ना? मग झालं."

"समजलं गं, पण बरोबर काय ते."

"आमच्याकडे हेच बरोबर."

"अगं, चिडतेस काय. मी आपलं सांगितलं."

एका संध्याकाळी मी भाताला पाणी ठेवत होते आणि ती माझ्याकडे पाठ करून बटाटे परतत होती. परतता परतता पुटपुटत होती. ओ वोस्का, इ मोस्का, ले बोस्का.

मी पातेलं तसंच ठेवून वळले.

"काय म्हणालीस?"

"काही नाही. गाणं."

"कुठलं गाणं?"

ती वळली. "तू मंगळवारी कुठं जातेस गं?"

"तू गुरुवारी कुठं जातेस?"

बटाटे करपायला लागले होते. दोघींपैकी कुणी गॅस कमी केला नाही.

"राखाडी कपाट?" ती म्हणाली.

"बॅग पॅसेजमध्ये?"

"पेन नाही."

"बोलायचं नाही."

"झालं मग," ती म्हणाली, "बोललो आपण."

विचारता विचारता कळलं की तीच कार्डं. मी 'पासून'चा ड्रॉवर संपवला की दोन दिवसांनी तो तिच्या पुढ्यात. म्हणजे म्हाताऱ्याचा माझ्यावर विश्वासच नाही. माझ्यामागून दुसरी कुणी तेच सगळं तपासतेय, आणि तीही नेमकी ही, मले नाही मला वाली.

"तुला माझ्यावर नजर ठेवायला ठेवलंय त्यानं," मी म्हटलं.

"वा गं. मला वाटतंय तुला माझ्यावर ठेवलंय. कॉम्प्युटरवाली तू."

मग तिनं गॅस बंद केला आणि आपल्या लोकांना जे लगेच सुचतं ते तिला सुचलं. "हे बघ, दोघींनी कशाला सगळं करायचं? अर्धे ड्रॉवर तू कर, अर्धे मी. पेन ड्राइव्हवर अदलाबदल. त्याला काय कळतंय."

मी नाही म्हटलं. ती म्हणाली, एवढं काय. तेव्हा मी तिला बारावीची गोष्ट सांगितली. आमच्या सेंटरला पेपर सुरू झाला की भिंतीवर माणसं चढायची आणि खिडकीतून चिठ्ठ्या यायच्या. अख्खा वर्ग उतरवायचा. मी नाही उतरवलं. आणि उतरवूही दिलं नाही, पेपरावर कोपर आडवं ठेवून लिहिलं. मागच्या बाकावरची मुलगी तीन तास हळूच म्हणत होती, "कोपर सरकव ना वं." नाही सरकवलं. ती नापास झाली, दिवाळीनंतर तिचं लग्न झालं. मी बरोबर होते. आजही म्हणते, बरोबर होते. पण तिचं ते वाक्य माझ्या कानातून गेलेलं नाही.

आठवड्यानं पुणेकरीण माझ्या दाराशी आली.

"फाइल नको देऊस. पण तुझ्याकडे काहीतरी वही आहे म्हणालीस. मला त्या इ चं काही कळत नाही. रोज रात्री स्वप्नात शब्द तोंडं बदलतात. नुसती बघायला दे."

मी दिली. का दिली याचं खरं कारण लिहिते. माझं बोलणं दुरुस्त करणारी माझी वही मागायला आली होती. एवढं पुरलं मला. वही म्हणजे काही कॉपी नाही, असं मी स्वतःला सांगितलं आणि ते मला पटलंही.

दोनेक महिन्यांनी म्हाताऱ्याचा फोन आला. या गुरुवारी या. गुरुवार तिचा. बसमध्ये आम्ही एकाच सीटवर बसलो.

"तू सांगितलंस त्याला," मी म्हटलं.

"मी कशाला सांगू? तूच फाटक्या तोंडाची."

"मी शब्द दिला की दिला."

"मग मी काय शब्द मोडत हिंडते?"

पुढची पस्तीस मिनिटं आम्ही खिडकीबाहेर बघितलं, एकाच खिडकीतून.

म्हाताऱ्यानं चहा केला होता. टेबलावर दोन प्रिंटआउट होते आणि लाल पेन्सिल. तो बसला नाही.

"तुम्ही एकमेकींना ओळखता," तो म्हणाला. "एवढ्या मोठ्या वोनहाइममधला एकच मजला. मी पत्ते नीट वाचायला हवे होते. ती माझी चूक."

मग त्यानं कागद आमच्याकडे फिरवले. "खाणीत आम्ही प्रत्येक अंतर दोनदा मोजायचो. दोन माणसं, दोन वह्या, एकानं दुसऱ्याला वही दाखवायची नाही. दोघांचं थोडं वेगळं यायचंच. कारण माणसं दोन, हात चार. 'पासून'च्या ड्रॉवरमध्ये तुमच्या नऊ चुका आहेत," तो माझ्याकडे बघून म्हणाला, "आणि यांच्या बारा. एकही सारखी नाही. मी खूश होतो. आता 'वर'चा ड्रॉवर. तुमच्या चौतीस. यांच्या चौतीस. तीच कार्डं, तीच चूक. असं आलं की खाणीत आम्ही विचारायचो, हे दोघं काल कुठल्या गुत्त्यात भेटले." त्यानं पेन्सिल खाली ठेवली. "तर कुणी कुणाचं उतरवलं?"

तर ही होती त्याची पद्धत. माझं आडनाव, माझा रंग, माझी बॅग, कशाशीच तिचा संबंध नव्हता. तो सगळ्या जगालाच दोनदा मोजत होता. हे मला समजलं आणि त्याच क्षणी त्यानं मला कॉपीबद्दल विचारलं. जगात दुसरा कुठलाही आरोप मी ऐकून घेतला असता.

मी कॉपी केलेली नाही. हे वाक्य माझ्या तोंडात बारावीपासून तयार होतं. ते खरं होतं. तेवढंच म्हटलं असतं तर उतरवणारी आपोआप दुसरी ठरली असती. पत्र माझं, शब्द माझा, आणि मी खोटंही बोलले नसते. पुणेकरीण आपल्या कपात बघत होती. तिनं माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. बघितलं असतं तर कदाचित मला सोपं गेलं असतं.

"मी कॉपी केलेली नाही," मी म्हटलं.

म्हाताऱ्यानं लाल पेन्सिल पुन्हा उचलली.

"पण वही माझी आहे."

"कसली वही?"

"मी तिची फाइल बघितली नाही," पुणेकरीण पटकन म्हणाली. "वही बघितली. मी मागितली म्हणून तिनं दिली."

"वही आणा," म्हातारा म्हणाला.

वही पॅसेजमध्ये बॅगेत होती. त्या घरात माझी बॅग पहिल्यांदाच खोलीत आली. त्यानं टेबल फडक्यानं पुसलं, वही उघडली आणि पानं उलटत गेला. त्याला त्यातलं एक अक्षर येत नव्हतं.

"ही ओळ कसली?"

मी वाचली. प फ ब भ म. त्याला दाखवलं, इथून इथं सरकतं, इथून इथं. त्यानं दोन बोटं स्वतःच्या ओठांवर ठेवली आणि हळूच म्हणून बघितलं. प. ब. म. मग बोटं गळ्यावर. क, ग, ङ.

"हा तक्ता कुणी तयार केला?"

"आमच्याकडे पहिलीच्या भिंतीवर असतो."

"भिंतीवर," तो म्हणाला. मग शेवटचं पान उघडलं. "आणि हे?"

मी सूचना वाचून दाखवली. राहून गेलं असेल तर आपण घालावं. जर्मनमध्ये सांगताना ती फारच आगाऊ वाटली.

त्यानं कपाट उघडून एक कार्ड आणलं. "अर मुइर. टिंब नाही. बरोबर?"

"राहून गेलंय."

"राहून गेलेलं नाही. ज्या बाईकडे मी राहायचो, तिला मी तीनदा विचारलं होतं. माझा मुलगा दर्यावर होता तेव्हा, असं ती सांगत होती. पाण्यावर एखादं फळकूट पडलंय, अशातलं ते 'वर' नाही. मुलगा दर्यावर गेलेला. अशा वेळी ती माणसं शब्दाचं तोंड बदलत नाहीत. 'अमका थरथरतोय', 'अमका प्यायलाय' म्हणतानाही अरच असतो, तेव्हाही नाही." त्यानं कार्ड माझ्यापुढं ठेवलं. "ती असंच बोलली. तुम्ही तिचं बोलणं दुरुस्त केलंत."

शेजारून पुणेकरीण मराठीत, अगदी हळू म्हणाली, "तुझ्या मले सारखं झालं गं."

"हाव," मी म्हटलं.

"काय म्हणालात?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"काही नाही," आम्ही दोघी म्हणालो.

मग त्यानं निकाल दिला. 'वर'चा ड्रॉवर पहिल्यापासून, दोघींनी, वेगवेगळा. वही त्याच्याकडे. त्यानं ती कपाटात ठेवली आणि कुलूप लावलं, आणि क्षणभर मला वाटलं, हात वर करून उभं राहावं. पण मग त्यानं एक कोरं कार्ड घेतलं आणि पेन्सिलीनं लिहिलं: एक वही, निळी, दोनशे पानी, मिळाली. खाली सही. ते मला दिलं. गिरणीच्या फाटकावर असं कार्ड कुणी कधी दिलं नव्हतं.

"आणि पत्र?" मी विचारलं. लाज वाटली, पण विचारलं.

"ड्रॉवर झाल्यावर बघू."

तो महिना फार विचित्र गेला. एकाच स्वयंपाकघरात एकाच भाषेतल्या दोन मुली आणि पेटी हा शब्द काढायचा नाही. मला सारखं वाटायचं, ही कुठून तरी पुस्तक आणेल, कुणाला तरी विचारेल, हिच्या ओळखी असतात. तिलाही माझ्याबद्दल असंच काहीतरी वाटत असणार, कारण मी शिट्टी वाजवली तरी ती कान टवकारायची. एकदा मात्र ती उलथणं हातात घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. "अगं, ते एक कार्ड आहे ना, ज्यात एक माणूस छपरावर..."

मी टेबलावर कोपर आडवं ठेवलं. तिला ती गोष्ट माहीत होती. ती माझ्या कोपराकडे बघून हसली आणि परत बटाट्यांकडे वळली.

महिन्यानं म्हाताऱ्यानं आम्हाला पुन्हा एकत्र बोलावलं. पुन्हा दोन प्रिंटआउट, लाल पेन्सिल. यावेळी तो बसला होता. माझ्या पाच चुका, तिच्या सात. एकही सारखी नाही. एका कार्डावर आम्ही दोघी चुकलो होतो, पण वेगवेगळ्या बाजूंनी. ते कार्ड त्यानं आम्हाला दोनदा दाखवलं.

"गेनाऊ, अगदी बरोबर," तो म्हणाला. "आता मला माहीत आहे की माणसं दोन होती."

माझ्या चुका बघून कुणी एवढं आनंदलेलं मी पाहिलं नव्हतं, त्यामुळे माझा त्यावर लगेच विश्वास बसला नाही. जाताना मी पावतीचं कार्ड परत दिलं आणि माझी वही घेतली. त्यानं त्या तक्त्याच्या पानाची फोटोकॉपी मागितली. विचारून मागितली.

बाकीचे ड्रॉवर संपायला उन्हाळा उजाडला. शेवटच्या मंगळवारी त्यानं मला पाकीट दिलं. बसमध्ये बसल्या बसल्या उघडलं. बारा ओळी होत्या आणि सातव्या ओळीत तो शब्द होता. नुसता नाही. नेहमी झेल्बश्टेंडिग, असं लिहिलं होतं. मी तो शब्द तीन स्टॉप बघत होते. मग मनात आलं, या जर्मन पत्रांमध्ये म्हणे आतून वेगळा अर्थ असतो. वरून गोड, आतून नकार. घरी येऊन डिक्शनरी घेऊन बसले आणि एकेक शब्द तपासला. काही सापडलं नाही, म्हणून जास्तच शंका आली.

गुरुवारी पुणेकरीण पाकीट घेऊन आली. स्वयंपाकघरात आम्ही एकमेकींकडे पाहिलं.

"तुझं दाखव," मी म्हटलं.

"आधी तुझं."

शेवटी दोन्ही पत्रं एकदम टेबलावर ठेवली. मग तिनं ती उचलली आणि एकावर एक धरून खिडकीच्या काचेला लावली, आर्किटेक्ट लोक नकाशे लावतात तशी. बाहेर लख्ख ऊन होतं. बाराच्या बारा ओळी एकमेकींवर बसल्या. शब्द तेच, स्वल्पविराम तेच, सातव्या ओळीतला झेल्बश्टेंडिगही त्याच जागी. फक्त वरची आडनावं एकमेकांत गुंतून वाचता येत नव्हती.

"कॉपी केली म्हाताऱ्यानं," ती म्हणाली.

मी हसले. बऱ्याच महिन्यांनी एवढी हसले. मग हसू ओसरलं, कारण दोघींच्या एकाच वेळी लक्षात आलं. दोघींनाही त्याच उन्हाळ्यात प्राक्टिकुम हवं होतं, बांधकामाचं सॉफ्टवेअर करणाऱ्या त्याच चार कंपन्या दोघींच्या यादीत होत्या, आणि एकाच टेबलावर ही दोन पत्रं पोचली तर झेल्बश्टेंडिगचं काय होणार?

"विचारतील," मी म्हटलं, "या दोघी कुठल्या गुत्त्यात भेटल्या."

तिनं पत्रं काचेवरून काढली, कुठलं कुणाचं ते दोनदा बघून माझं मला दिलं. मी तिसऱ्यांदा बघितलं. मग आम्ही भात होईपर्यंत बसून वाटणी केली. ऱ्हाइन नदीच्या अलीकडच्या कंपन्या तिच्या, पलीकडच्या माझ्या.

तिनं ते पाळलं की नाही, मला माहीत नाही. मी पाळलं.